बाईंना ८० पूर्ण होतायत, सत्कार करायचाय, शाल-श्रीफळाच्या पुढचं काहीतरी सुचवा

मध्यमग्राम

नमस्कार मंडळी. आमच्या गाण्याच्या बाईंना यंदा ८० पूर्ण होतायत. तालुक्याच्या गावात पन्नासेक वर्षं क्लास घेतला त्यांनी, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत सगळ्या परीक्षांना मुलं बसवली, आणि परीक्षेला न बसणारी, नुसती गाणं आवडतं म्हणून येणारी मुलंही तितक्याच मन लावून शिकवली. स्वतः मैफली फारशा केल्या नाहीत, सुरुवातीला थोडं रेडिओवर गायल्या, मग घर आणि क्लास. पेपरात नाव आलं ते विद्यार्थ्यांच्या निकालाच्या बातमीत शेवटच्या ओळीत "यांचे मार्गदर्शन लाभले" एवढंच. त्यांचा कुणी विद्यार्थी फार मोठा गवई वगैरे झालेला नाही, चारपाच जण स्वतः क्लास घेतात, बाकी आम्ही बँकेत, शाळेत, आयटीत, पण कुठेही गाणं लागलं की राग ओळखायचा प्रयत्न करणारे.

आता जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय आणि नेहमीप्रमाणे तीन गट पडलेत. एका गटाला हॉल घेऊन जीवनगौरव सोहळा करायचाय, मानपत्र, पाहुणे, सगळं. दुसरा गट म्हणतो पद्मश्रीसाठी नाव पाठवू. तिसऱ्यात मी आणि अजून दोघं, आम्हाला काहीतरी टिकणारं हवंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये, त्यामुळे ग्रुपवर आमचं कुणी ऐकत नाही :) बाईंना विचारलं तर "मला काही नको रे, सगळे या आणि गा" एवढंच.

कुणी असं काही केलंय का? काय केलं, काय जमलं, काय नाही?

---

तंबोरा_मागच्या_रांगेत

मी असले सोहळे इतके पाहिलेत की आता आमंत्रण आलं की पोटात गोळा येतो. संगीत शिक्षकाच्या सत्कारात संगीत सोडून सगळं असतं. दीपप्रज्वलन, मग लहान मुलींचं ईशस्तवन, मग प्रास्ताविक जे संपतच नाही, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचा सत्कार (हो, पाहुण्यांचाच आधी), मग "मला गाण्यातलं काही कळत नाही पण" असं म्हणून सुरू होणारं भाषण. मूळ सत्कारमूर्तींच्या हातात माइक येतो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि सूत्रसंचालक घड्याळ दाखवतोय. एका ठिकाणी तर मानपत्रात घराण्याचं नावच चुकलं होतं आणि ते फ्रेम करून दिलं!

बाईंनी उत्तर दिलंय की तुम्हाला. सगळे या आणि गा. बैठक करा, गादी घाला, बाई समोर बसू देत. भीमसेनजींनी १९५३ मध्ये सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला पुण्यात उत्सव सुरू केला, सी. आर. व्यासांनी १९७७ पासून गुणीदास संमेलन भरवलं ते जगन्नाथबुवा पुरोहितांच्या स्मरणार्थ, म्हणजे शिष्यांनी गुरूची आठवण गाऊनच ठेवली, हारतुरे घालून नाही. पण ते दोन्ही गुरू गेल्यानंतर झालं. तुमच्या बाई आहेत, ऐकणार आहेत, चुकलं तर तिथेच थांबवणारही आहेत, याच्यापेक्षा भाग्य काय असतं? प्रत्येकाने बाईंकडून घेतलेली एकच बंदिश गायची, दहा मिनिटं, आणि ज्यांचं गाणं सुटलं त्यांनी निदान प्रारंभिकचं सरगमगीत (नुसत्या सा-रे-ग-मचं गाणं) तरी म्हणायचं. ज्याचं सुटलं त्याचं सरगमगीत ऐकतानाच बाईंना जास्त आनंद होईल, बघा तुम्ही.

---

फाइल_क्रमांक

पद्मच्या गटासाठी थोडं, कारण यात लोकांचे बरेच गैरसमज असतात.

नाव कुणीही पाठवू शकतं, अगदी स्वतःचंसुद्धा. ऑनलाइनच, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. त्यात कार्याचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचं असतं आणि इथेच बहुतेक अर्ज पडतात, कारण लोक "संगीतसेवेचे व्रत अखंड चालवले" असली वाक्यं लिहितात. ती कुणाच्याही अर्जाला चालतील. नेमकं लिहा: कुठल्या भागात आधी गाणं शिकायची सोय नव्हती, बाईंनी काय सुरू केलं, किती विद्यार्थी विशारद-अलंकार झाले, त्यातले किती पुढे शिकवतात, बाईंनी स्वतः रचलेल्या बंदिशी आहेत का, फी न घेता शिकवलेली मुलं किती. मुदत दरवर्षी पोर्टलवर बघा, ती बदलत असते. पुरस्कार मिळाला तर सनद आणि पदक मिळतं, पैसे नाहीत, आणि तो नावाच्या मागेपुढे लावता येत नाही (१९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तरी पत्रिकांवर छापतातच). मरणोत्तर सहसा देत नाहीत. म्हणजे पाठवायचं तर आत्ताच पाठवा.

शिक्षकांना मिळतच नाही असं मात्र नाही. श्री. ना. रातंजनकरांना १९५७ ला पद्मभूषण मिळालं, त्यांची बरीच वर्षं लखनौच्या मॅरिस कॉलेजात शिकवण्यात गेली. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्यांना १९७२ ला पद्मभूषण. अर्थात दोघेही स्वतः मोठे गवई. संगीत नाटक अकादमीने २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण तोवर कुठलाच राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८६ कलाकारांना अमृत पुरस्कार जाहीर केले, ते एकदाच. एकदम ८६ जण निघाले यावरून समजा की किती जण राहून जातात.

माझं मत विचाराल तर अर्ज करा पण बाईंना सांगू नका. मिळालं तर सांगा. नाही मिळालं तर त्यासाठी जमवलेली सगळी माहिती तुमच्याकडे राहीलच, तिचं पुढे बरंच काही करता येतं.

---

वर्गातली_बाई

मी स्वतः शिकवते, आणि तंबोरा यांचं म्हणणं अर्धंच पटलं.

शाल-श्रीफळाला हसणं सोपं आहे. पण ज्या गावात लग्न झालेल्या बाईने पेटी काढून मुलांना शिकवायला बसणं म्हणजे "हे काय चाललंय घरात" असं होतं, तिथे त्याच गावच्या हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर तिचा सत्कार होणं याला वजन असतं हो. पुण्या-मुंबईत बसून ते कळणार नाही. माझ्या गुरूंचा असाच साधा सत्कार झाला होता, भाषणं रटाळ होती, मान्य. पण त्यांच्या नात्यातली जी माणसं कधी क्लासच्या खोलीत डोकावली नव्हती ती पहिल्या रांगेत बसली होती, आणि त्या दिवशी माझ्या गुरूंनी जी पैठणी नेसली होती ना ती मला अजून दिसते. त्यामुळे दोन्ही करा. भाषण एकच ठेवा आणि ते विद्यार्थ्यानेच करायचं.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. खासगी क्लास घेणाऱ्या माणसाला पेन्शन नसते, पीएफ नसतो, मेडिक्लेम असलाच तर मुलांच्या कृपेने. मानपत्राला चांदीची फ्रेम करायच्या आधी कुणीतरी जवळच्या विद्यार्थिनीने हळूच चौकशी करा की औषधपाण्याचं काय चाललंय. बाई स्वतः कधीच सांगणार नाहीत. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलाकारांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने, महिन्याला ५,००० रुपये. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि कलेच्या कामाचे पुरावे लागतात. बसत असतील तर तो अर्ज भरून देणं, कात्रणं आणि प्रमाणपत्रं गोळा करणं, झेरॉक्स काढणं, ऑफिसात खेटे घालणं हे विद्यार्थ्यांनी करायचं काम आहे. ८० वर्षांच्या बाईने स्वतः रांगेत उभं राहून "मी कलाकार आहे" हे सिद्ध करत बसायचं का?

आणि तबल्याचे सर? क्लासला वर्षानुवर्षं ठेका धरणारं कुणीतरी असेलच. मुलगा सम (तालाची पहिली मात्रा) चुकवतोय, परत मुखडा, परत चुकवतोय, आणि हा माणूस कपाळाला आठी न घालता तेच आवर्तन वाजवतोय. ते असतील तर त्यांना बाईंच्या शेजारी बसवा, मागे नाही.

---

तंबोरा_मागच्या_रांगेत

पैठणीच्या मुद्द्यावर मी शरण :) पण आमदार नको म्हणजे नकोच.

---

खर्ज

टिकणारं काहीतरी म्हणालात म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या. मी काही वर्षं जुन्या संगीताच्या वह्या आणि टेपा डिजिटल करायच्या कामात आहे.

बाईंकडे वह्या असणार. लाल पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने बांधलेल्या, आणि अर्ध्या पानांवर विद्यार्थ्यांच्या फीचा हिशोब. त्या आधी हातात घ्या, हॉल नंतर बुक करा. सगळ्यात पहिले ती वही कुठल्या स्वरलिपीत (गाणं कागदावर लिहायच्या पद्धतीत) आहे ते बघा, पलुस्कर की भातखंडे, कारण यात भल्याभल्यांची फसगत होते. भातखंडे पद्धतीत मंद्र (खालच्या) सप्तकाला स्वराखाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत मंद्राचं टिंब वर असतं आणि तारेला वर उभी रेघ. म्हणजे एखाद्या हौशी मुलाने एका पद्धतीची वही दुसरी समजून टाइप केली की खर्जातली सगळी जागा थेट तार सप्तकात! समेचं पण तसंच, भातखंड्यांकडे × ही सम, पलुस्करांकडे १, आणि तिथे खालीला (तालातल्या टाळी नसलेल्या मात्रेला) + लिहितात. जुन्या शिक्षकांच्या वह्यांत तर दोन्हींची सरमिसळ असते, शिकले एका पद्धतीत, मुलांना परीक्षेसाठी शिकवलं दुसऱ्या. हे सांगायला बाई समोर हव्यात. त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही की या ओळीतला नी कोमल लिहायचा राहिला की मुद्दाम शुद्ध ठेवला.

स्कॅन नको, चांगल्या उजेडात मोबाइलने फोटो काढले तरी चालतात, दोरा उसवून पानं सपाट करायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक पान, कोरी पानं आणि फीचे हिशोब पण. कधी कोण शिकायला होतं ते त्या हिशोबातूनच कळतं.

मग रेकॉर्डिंग. बाईंना मैफल करायला लावू नका, ८० व्या वर्षी आवाज थकलेला असतो आणि तो थकवा रेकॉर्ड झाला की त्या स्वतःवरच नाराज होतात. शिकवायला लावा. समोर एक विद्यार्थी बसवा, त्याने बंदिश म्हणायची, बाईंनी दुरुस्त करायचं. त्यांचं सगळं मास्टरपण त्या दुरुस्तीत आहे. "अं हं, तिथे थांबू नकोस, पुढच्या मात्रेला टेकून सोड" हे कुठल्या पुस्तकात छापलंय? सकाळची वेळ, पाऊण तास, बास. पुन्हा दुसऱ्या दिवशी.

मोबाइलवर करणार असाल तर नॉइज कमी करणारं सेटिंग आधी बंद करा. ते सॉफ्टवेअर एकसारख्या चालू राहणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतं, म्हणजे तानपुरा! मी अशा फाइली ऐकल्यात ज्यात बाई बोलायच्या थांबल्या की तानपुरा गायब, पुन्हा गायल्या की हजर. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल ठेवा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला बोलूनच सांगा: तारीख, राग, ताल, पट्टी (सा कुठल्या सुराला धरलाय ते), आणि ही बंदिश बाईंना कुणाकडून मिळाली. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच सगळे विसरतात. तीन प्रती, तीन वेगवेगळ्या घरी.

बाईंच्या स्वतःच्या रचना असतील तर त्या वेगळ्या काढा. रचनेचा कॉपीराइट रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो, तेव्हा यूट्यूबवर टाकायच्या आधी त्यांची दोन ओळींची सही असलेली परवानगी घ्या, आणि एखादी रचना त्यांना बाहेर द्यायची नसेल तर ती नाही द्यायची. पुढे हे सगळं एखाद्या संग्रहालयाला देता येतं, गुरुग्रामला अशा ध्वनिमुद्रणांचा १९८२ साली सुरू झालेला एक मोठा संग्रह आहे, मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा आहे, पण ते घेतील की नाही हे तुमच्या नोंदी किती नीट आहेत त्यावर. नुसती "बाई ०१, बाई ०२" अशी फोल्डरं कुणी घेत नाही.

गाणं गोळा करून ठेवायचं हे आपल्याकडे काही नवीन नाही म्हणा. भातखंडे गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी घेत होते म्हणून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले आणि म्हणून आज कुठल्याही तालुक्यातला मुलगा तीच बंदिश उघडून बसू शकतो. त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत, कागदावर आलं की गाणं मरतं म्हणणारे. असतील बरोबर. पण कागदावर नसतं तर काही बंदिशी आज कशा होत्या हेसुद्धा कळलं नसतं.

---

वर्गातली_बाई

खर्ज, हे फार कामाचं लिहिलंत. एक भर घालते, शिकवतानाच्या रेकॉर्डिंगला शक्यतो नवशिका विद्यार्थी पण एकदा बसवा. विशारद झालेल्याला बाई वेगळं शिकवतात, आणि ज्याला अजून षड्ज लावता येत नाही त्याला वेगळं. पहिल्या महिन्यात काय करायचं हे ज्याला येतं तो खरा शिक्षक, आणि ते कुणी रेकॉर्ड करत नाही कारण ऐकायला कंटाळवाणं असतं. आम्हा शिकवणाऱ्यांना तेच हवं असतं.

---

निषाद_कोमल

बाईंच्या नावाने स्पर्धा आणि ट्रॉफी सुरू करायचा विचार असेल तर थांबा एवढंच म्हणेन. पाच वर्षांनी आयोजन करायला माणसं राहत नाहीत आणि व्याजावर चालवायचं म्हटलं तर रक्कम दरवर्षी केविलवाणी होत जाते. त्यापेक्षा दरवर्षी दोन मुलांची क्लासची फी आणि परीक्षा फी ग्रुपमधून परस्पर भरा, ट्रस्ट नको, रजिस्ट्रेशन नको, जोवर जमेल तोवर. नाव द्यायचं तर बाईंचं द्या, नाही दिलं तरी मुलगी शिकेलच.

---

मध्यमग्राम

सगळ्यांचे मनापासून आभार, ग्रुपवर हा धागा जसाच्या तसा टाकला आणि पहिल्यांदाच तिन्ही गट एका दिवसात गप्प झाले :)

काल मी आणि एक मैत्रीण बाईंकडे गेलो होतो, वह्यांचं विचारलं. आधी म्हणाल्या काय करायचंय त्या जुन्या वह्यांचं, आणि मग पलंगाखालून ट्रंक ओढायला लावली. खर्ज, तुम्ही म्हणालात तसंच, सरमिसळ आहे! एका पानावर वर टिंबं, पुढच्या पानावर खाली, आणि मधे एका ठिकाणी "भूप – ही नीट नाही, विचारणे" असं पेन्सिलने लिहिलंय. विचारलं, कुणाला विचारायचं होतं बाई? तर म्हणाल्या, माझ्या गुरुजींना, पण राहून गेलं. मग ती बंदिश स्वतःच गुणगुणायला लागल्या आणि दुसऱ्या ओळीत थांबून म्हणाल्या, आता कळतंय काय चुकलंय ते. आम्ही दोघी तशाच बघत बसलो, मोबाइल पर्समध्ये!! पुढच्या आठवड्यापासून रोज सकाळी एक जण जाणार, रेकॉर्डर घेऊन.

बाकीचं असं ठरतंय: बैठक करायची, गावातच, शाळेच्या सभागृहात. भाषण एक, बाईंच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याचं. शाल बाईंना आणि तबल्याच्या सरांना दोघांना. पद्मचा अर्ज फाइल_क्रमांक म्हणतात तसा गुपचूप. औषधपाण्याचं एका विद्यार्थिनीकडे सोपवलंय, ती नर्स आहे, तिचं बाई ऐकतात. आमदारांवर अजून वाद चालू आहे, सभागृह फुकट मिळण्याशी त्याचा संबंध आहे, असो.

आता खरी अडचण. गाणारे पस्तीसच्या आसपास होतायत. दहा मिनिटं म्हटलं तरी रात्र उजाडेल, आणि कुणाला नाही म्हणायचं?

---

तंबोरा_मागच्या_रांगेत

कुणालाच नाही म्हणू नका, वेळ कापा. विलंबित कुणी गायचं नाही, फक्त मध्यलय-द्रुत, पाच मिनिटं. प्रारंभिकची सरगमगीतं सगळ्यांनी मिळून एकदम, तिथेच दहा जण निकालात निघतात.

आणि क्रम ज्येष्ठतेने लावू नका, पट्टीने लावा! बायका पेटीवरची काळी चार-पाच, पुरुष काळी एक-दोन, एकाआड एक बसवलेत तर प्रत्येक वेळी तानपुरे उतरवा-चढवा यातच तास जाईल आणि तबलेवाल्या सरांच्या हातातली हातोडी खाली राहणार नाही. आधी सगळ्या काळी पाच, मग चार, मग मध्यंतर, त्यात तानपुरे आणि तबला बदलून घ्या, मग पुरुष. ज्यांची पट्टी माहीत नाही त्यांना ग्रुपवर आजच विचारा, निम्म्या लोकांना स्वतःची आठवत नसेल.

---

मध्यमग्राम

विचारलं. चौघांची उत्तरं आली, त्यातल्या दोघांनी "बाईंना विचारा" असं लिहिलंय. बाईंना फोन केला तर त्यांनी पस्तीसच्या पस्तीस जणांची पट्टी सांगितली, आणि कोण वरच्या साला बेसूर होतो तेही.